स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील लस : तुलना कोणाशी?

२०२५ च्या विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी आम्ही भंडारा जिल्ह्यातील नाकाडोंगरी येथे गेलो होतो. तुमसर तालुक्यातले हे गाव मध्य प्रदेशच्या सीमेजवळ आहे. डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण तेथून जवळच. व्याख्यान संपले, मुलांचे प्रश्न संपले आणि आम्ही निघण्याच्या तयारीत असताना एक गुरुजी जवळ आले. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण काढले. स्वादुपिंडाच्या कर्करोगावर लस निघाल्याची ती बातमी होती.

“सर, ही लस नागपुरात मिळते का? की मुंबईला जावे लागेल? आमच्या मामांचे ऑपरेशन झाले आहे. दोन एकर धानाची जमीन आहे, ती विकायची मामींची तयारी आहे.”

लस अजून चाचणीच्या पायरीवर आहे, ती विकत मिळत नाही, जमीन विकू नका, एवढे आम्ही त्यांना सांगितले. त्यावर ते म्हणाले, “पण अर्ध्या लोकांवर तिचा गुण आला, असे छापले आहे ना?” बस सुटायची वेळ झाली होती. त्या प्रश्नाला आम्ही नीट उत्तर दिले नाही, ही रुखरुख तेव्हापासून मनात आहे. ‘अर्ध्या लोकांवर गुण आला’ हे वाक्य खोटे नाही. पण त्यावरून जो अर्थ निघतो तो खरा आहे, असेही म्हणता येत नाही. हे कसे, ते उलगडून सांगण्यासाठी हा लेख.

लस या शब्दाचे दोन अर्थ

लस म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर देवी, पोलिओ, गोवर येतात. निरोगी माणसाला आधी टोचायचे, म्हणजे रोग होत नाही. कर्करोगाच्या बाबतीत अशा दोन लसी आज वापरात आहेत. कावीळ ब ची लस यकृताच्या कर्करोगाचे एक मोठे कारण दूर ठेवते. एचपीव्ही या विषाणूविरुद्धची लस गर्भाशयमुखाचा कर्करोग टाळते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या अशा लशीला २०२२ मध्ये परवाना मिळाला. दोन्ही ठिकाणी शत्रू बाहेरून येणारा विषाणू आहे. शरीराला तो परका म्हणून ओळखता येतो.

स्वादुपिंडाच्या कर्करोगामागे असा कोणताही ठरलेला विषाणू नाही. तेथे आपल्याच पेशी बिघडतात. सुमारे नव्वद टक्के रुग्णांच्या गाठीत ‘के-रास’ नावाच्या एकाच जनुकात बिघाड सापडतो. त्याशिवाय प्रत्येक रुग्णाच्या गाठीत तिचे स्वतःचे असे आणखी काही बिघाड असतात. या बिघाडांमुळे पेशीत जी बदललेली प्रथिने तयार होतात, ती शरीराला परकी वाटू शकतात. ती ओळखायला रोगप्रतिकारक पेशींना शिकवायचे, ही नव्या लशीमागची कल्पना. म्हणजे ही लस रोग झालेल्याला द्यायची आहे. तिला ‘लस’ म्हणणे शास्त्रीय दृष्टीने चुकीचे नाही. पण मराठी वाचक तो शब्द ऐकून ‘आता हा रोग टळणार’ असे समजतो आणि घोटाळा तेथूनच सुरू होतो. निरोगी माणसाला हा रोग होऊ नये म्हणून द्यायची लस अजून अगदी प्राथमिक चाचणीत आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, ज्यांना हा रोग होण्याचा धोका अधिक आहे अशा लोकांवर २०२२ पासून अशी एक लहान चाचणी हाती घेण्यात आली.

मूळ संशोधन काय आहे?

कात्रणातली बातमी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रातील डॉ. विनोद बालचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाविषयी होती. हे काम उत्तम आहे, हे प्रथम सांगितले पाहिजे. या रोगातून दीर्घकाळ वाचलेल्या थोड्या रुग्णांचा या गटाने अभ्यास केला. त्यांच्या शरीरात गाठीतील बदललेली प्रथिने ओळखणाऱ्या टी-पेशी, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार, जोमदार असल्याचे २०१७ मध्ये दिसून आले. निसर्गतः काहींमध्ये जे घडते ते लशीने इतरांमध्ये घडवता येईल का, असा प्रश्न त्यातून निघाला.

मग शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठीतील जनुकांचे वाचन करायचे, त्यातून जास्तीत जास्त वीस बदललेले भाग निवडायचे आणि त्यांची माहिती संदेशवाहक आरएनएच्या रूपाने त्या एका रुग्णासाठीच बनवलेल्या लशीत घालायची, असे ठरले. तंत्र कोविडच्या काही लशींसारखेच, पण येथे प्रत्येक रुग्णाची लस निराळी. शस्त्रक्रियेपासून पहिली टोचणी होईपर्यंत लागलेल्या काळाचा मध्यक ९.४ आठवडे होता. लशीबरोबर ॲटेझोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला मोकळीक देणारे औषध आणि चार औषधांची नेहमीची केमोथेरपीही देण्यात आली.

पहिला निष्कर्ष २०२३ मध्ये ‘नेचर’ या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. लस सोळा जणांना मिळाली. त्यांपैकी आठ जणांच्या रक्तात लशीने घडवलेल्या टी-पेशी सापडल्या, आठ जणांच्या सापडल्या नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच रुग्णांचा पुढचा वृत्तान्त आला. पाठपुराव्याचा मध्यक होता ३.२ वर्षे. ज्यांनी प्रतिसाद दिला त्या आठांपैकी दोघांचा रोग उलटला. ज्यांनी दिला नाही त्या आठांपैकी सात जणांचा उलटला. तयार झालेल्या टी-पेशींच्या वंशावळी सरासरी ७.७ वर्षे टिकतील, असा अंदाजही लेखकांनी मांडला.

दोन विरुद्ध सात हा फरक डोळ्यांत भरणारा आहे. वर्तमानपत्रांनी तो उचलला, यात नवल नाही.

धानाच्या बांधीतला प्रयोग

आता हा फरक तपासू. नाकाडोंगरीच्या परिसरातील विद्यार्थ्यांना धानाची शेती सांगावी लागत नाही, म्हणून उदाहरण तेथलेच घेऊ.

समजा, एका दुकानदाराने नवे टॉनिक आणले. आपण पऱ्ह्यांतून सोळा रोपे घेतली, सोळा कुंड्यांत लावली आणि सगळ्यांना टॉनिक दिले. आठ दिवसांनी आठ रोपे हिरवीगार झाली, आठ पिवळसर राहिली. आपण वहीत लिहिले : ‘आठ रोपांना टॉनिक लागू पडले.’ हंगामाच्या शेवटी पाहिले, तर हिरव्या आठांपैकी सहांना भरघोस लोंब्या. पिवळ्या आठांपैकी एकालाच. टॉनिकने पीक वाढले, असे म्हणायचे का?

शेतकरी म्हणणार नाही. जी रोपे मुळातच दणकट होती ती लवकर हिरवी झाली आणि त्यांनाच लोंब्या आल्या. टॉनिक दिले नसते तरी असेच झाले असते, ही शंका त्याला येईल. ती दूर करायची, तर टॉनिक न दिलेल्या सोळा कुंड्या शेजारी हव्यात. शिवाय कोणत्या कुंडीला टॉनिक द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले हवे. नाही तर चांगली रोपे नकळत एका बाजूला जातात.

न्यूयॉर्कच्या प्रयोगात टॉनिक न दिलेल्या कुंड्या नाहीत. लस घेतलेल्यांचीच दोन गटांत वाटणी करून त्यांची आपसात तुलना झाली आहे. ज्यांची प्रकृती धडधाकट, ज्यांच्या गाठीचा स्वभाव सौम्य, त्यांनीच लशीला प्रतिसाद दिला असेल आणि ते लशीविनाही अधिक काळ रोगमुक्त राहिले असते, ही शक्यता उरते. लेखकांना ही अडचण ठाऊक आहे. कोविडच्या लशीला दोन्ही गटांनी सारखाच प्रतिसाद दिला, असे दाखवून त्यांनी शंकेचा काही भाग दूर केला आहे. काही भागच, कारण सर्वसाधारण प्रतिकारशक्ती सारखी असली तरी गाठींचा स्वभाव सारखा होता, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

आता वाटणी बाजूला ठेवून सोळाही जण एकत्र धरू. रोग न उलटलेले सहा अधिक एक, म्हणजे सात. सोळांपैकी सात म्हणजे सुमारे ४४ टक्के. लस न घेता, फक्त तीच केमोथेरपी घेतलेल्यांचे काय होते? फ्रान्स व कॅनडातील ४९३ रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. तीत ही चार औषधांची केमोथेरपी मिळालेल्या गटात तीन वर्षांनंतर रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्के होते.

४४ आणि ४०! वर्गात हे दोन आकडे फळ्यावर शेजारी लिहावेत. सोळा माणसांत एका माणसाचा फरक पडला तरी टक्केवारी सहाने हलते, हेही लिहावे. यावरून लस निरुपयोगी ठरते, असे मात्र कोणी समजू नये. दोन्ही ठिकाणचे रुग्ण निराळे, काळ निराळा, पाठपुरावा निराळा. एका चाचणीच्या आकड्याला दुसरीचा आकडा लावणे हीदेखील कच्चीच तुलना आहे. आमचे म्हणणे एवढेच की, लशीचा उपयोग होतो की नाही हे या सोळा जणांवरून कळत नाही. पहिल्या पायरीची चाचणी त्यासाठी नसतेच. लस बनवता येते का, ती सोसते का आणि तिने टी-पेशी तयार होतात का, हे पाहण्यासाठी ती असते. त्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे चांगली आली आहेत. बातमीने मात्र चौथ्याच प्रश्नाचे उत्तर छापले.

असे पूर्वीही झाले आहे

बातमीत जे नव्हते ते अधिक बोलके आहे. या रोगावरची ही पहिली लस नव्हे.

ब्रिटनमध्ये ‘टेलोव्हॅक’ नावाच्या चाचणीत १०६२ रुग्णांवर एका लशीची परीक्षा झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आला : केमोथेरपीला लशीची जोड दिल्याने आयुष्य वाढले नाही.

अमेरिकेत दुसरी एक लस निघाली. तिचे नाव अल्जेनपँट्युसेल-एल. प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर, माणसाच्या शरीराला परकी वाटणारी एक शर्करा चढवून ती बनवली होती. आधीच्या पायरीवर ७० रुग्णांना ती दिली, तेव्हा एका वर्षानंतर ८६ टक्के रुग्ण हयात होते. जुन्या नोंदींशी तुलना करता हा आकडा आशादायक दिसला. मग ७२२ रुग्णांवर, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून, मोठी चाचणी झाली. २०१६ मध्ये पेटी उघडली. लस मिळालेल्यांच्या आयुर्मानाचा मध्यक २७.३ महिने होता. लस न मिळालेल्यांचा ३०.४ महिने. सत्तर जणांत दिसलेली आशा सातशे बावीस जणांत उरली नाही.

म्हणून नव्या बातमीकडे पाहताना हा इतिहास जवळ हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये के-रासवरच्या एका तयार लशीचा वृत्तान्त आला. ही प्रत्येकासाठी निराळी बनवावी लागत नाही. रुग्ण २५, त्यांत स्वादुपिंडाचे २० आणि मोठ्या आतड्याचे ५. जोरदार प्रतिसाद देणारे १७ जण इतरांपेक्षा अधिक काळ बरे राहिले, असे तीत म्हटले आहे. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की, येथेही तुलना लस घेतलेल्यांची लस घेतलेल्यांशीच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने कर्करोगावरील लशीची घोषणा केली आणि आपल्याकडे ती घरोघरी पोचली. तिच्यासोबत तर रुग्णांवरील चाचणीचे आकडेही नव्हते.

मुंबईतून निघालेली एक लस

खरी तुलना कशी असते, याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. मुंबईच्या परळमधील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात १९५८ मध्ये डॉ. बापट, डॉ. कमल रणदिवे आणि डॉ. खानोलकर यांनी एका कुष्ठरुग्णाच्या ऊतीतून एक जंतू वाढवला. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘आयसीआरसी’ हे नाव पडले. पुढे डॉ. एम. जी. देव यांच्या गटाने त्यापासून कुष्ठरोगाविरुद्ध लस बनवली. ती प्रतिबंधासाठी आणि उपचारासाठीही उपयोगी पडेल, अशी कल्पना होती. लस या शब्दाचे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले होते.

कुष्ठरोग विदर्भाला अनोळखी नाही. लशीची बातमी ऐकून येथेही आशा वाटली असणारच. पण निवाडा आशेवर झाला नाही. १९९१ पासून तमिळनाडूत सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर एक चाचणी झाली. त्यांचे पाच गट पाडले : चार गटांना चार निरनिराळ्या लसी, पाचव्याला फक्त मिठाचे पाणी. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मुंबईच्या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. आपल्याच देशातील दुसऱ्या एका लशीने सुमारे २६ टक्के. दोन्ही लशींच्या मागे तज्ज्ञ होते, दोन्हींचे आधीचे प्रयोग आशादायक होते. फरक कळला तो पाचव्या गटामुळे. मिठाचे पाणी घेणाऱ्या त्या हजारो अनाम माणसांनी उरलेल्या चार गटांच्या आकड्यांना अर्थ दिला.

पुढची चाचणी आणि तिची उणीव

न्यूयॉर्कच्या लशीसाठीही अशी तुलना आता होत आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पायरीच्या चाचणीत सुमारे २६० रुग्ण घेण्याचे ठरले आहे. एका गटाला शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी. दुसऱ्याला केमोथेरपी, ॲटेझोलिझुमॅब आणि लस. गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले जातात. ही योग्य दिशा आहे.

तरीही एक उणीव आम्हांला जाणवते. दुसऱ्या गटाला दोन गोष्टी जास्तीच्या मिळतात. तो गट सरस ठरला, तर श्रेय लशीचे की औषधाचे, हे कसे ठरवणार? खत आणि पाणी एकाच बांधीत वाढवले, तर पीक कशाने वाढले ते शेतकऱ्याला सांगता येत नाही. तिसरा गट घेतला असता तर रुग्ण अधिक लागले असते, खर्च आणि वेळही वाढला असता. हा व्यवहार समजण्यासारखा आहे. पण उणीव ती उणीवच.

दुसरा मुद्दा आपल्याकडचा. लस सरस ठरली, तरी ती नाकाडोंगरीच्या रुग्णापर्यंत पोचायला काय लागेल? गाठ शस्त्रक्रियेने काढण्याजोगी असताना सापडली पाहिजे. जगभरात शंभर रुग्णांपैकी पंधरा-वीस जणांचीच तशी सापडते. गाठीची जनुके वाचली पाहिजेत आणि दोन-अडीच महिन्यांत त्या एका माणसासाठी लस बनून आली पाहिजे. एम-आरएनए लस बनवण्याचे कसब महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या कोविडवरील अशा लशीला जून २०२२ मध्ये तातडीचा परवाना मिळाला होता. पण लाखो लोकांसाठी एक लस बनवणे आणि एका माणसासाठी एक लस बनवणे, यांत खर्चाचे मोठे अंतर आहे. बातमीत या अंतराचा उल्लेखही नव्हता.

आज हाती काय आहे?

२०२२ मध्ये जगात या रोगाचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ४ लाख ६७ हजार लोक त्याने मरण पावले. हे दोन आकडे इतके जवळ असणे, हेच या रोगाचे भयानकपण. असा रोग झालेल्याच्या घरी आशा विकत घ्यायला माणसे का तयार होतात, हे यावरून समजते.

तरी शिक्षकांना आजही करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. धूम्रपान करणाऱ्यांत या रोगाचा धोका सुमारे दुप्पट असतो. तेंदूपाने तोडणे आणि विड्या वळणे हा भंडारा-गोंदिया भागात कित्येक घरांचा पोटाचा धंदा आहे, त्यामुळे हा विषय वर्गात काढणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. पण वळणाऱ्याला दोष न देताही ओढणाऱ्याला सावध करता येते. दुसरी गोष्ट काविळीची. स्वादुपिंडाच्या डोक्याकडील गाठ पित्तनलिका दाबते आणि पोटात न दुखताही कावीळ होऊ शकते. पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी कावीळ झाली, वजन घटू लागले, शौचाचा रंग फिकट झाला, अंगाला खाज सुटली, तर काविळीचे झाडपाल्याचे औषध देणाऱ्याकडे जाण्यात आठवडे घालवू नयेत. पोटाची तपासणी करून घ्यावी. गाठ काढण्याजोगी आहे तोवरच हाती काही असते. उद्या लस आली, तरी ती याच रुग्णांच्या कामी येईल.

आणि तिसरी गोष्ट, बातमी वाचण्याची. आठवीपासूनच्या विद्यार्थ्यांकडून प्रत्येक वैद्यकीय बातमीखाली चार प्रश्न लिहून घ्यावेत. माणसे किती होती? तुलना कोणाशी केली? गट कोणी व कसे पाडले? मोजले ते रक्तातले लक्षण, की माणसाचे आयुष्य? ज्या बातमीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, ती बातमी जपून ठेवावी, पण तिच्यावर जमीन विकू नये.

नाकाडोंगरीच्या गुरुजींना आमचे उत्तर असे : होय, सोळांपैकी आठ जणांच्या रक्तात लशीची खूण सापडली. त्यामुळे त्यांचे आयुष्य वाढले का, हे अजून कोणालाच ठाऊक नाही. ते कळावे म्हणून काही रुग्ण आज लशीविनाच्या गटात बसले आहेत. मामांसाठी शस्त्रक्रियेनंतरची केमोथेरपी हा सिद्ध झालेला उपचार आहे. ती वेळेवर पूर्ण व्हावी, नागपूरच्या फेऱ्या चुकू नयेत, यासाठी पैसा आणि माणसे लावावीत. धानाची जमीन राहू द्यावी.